मदत हवी आहे: आगीतून निघालेल्या सायकलींपैकी कोणती वाचवू?

घराला आग लागली. माणसं सुखरूप आहेत; सायकलींसाठी कुणी परत आत गेलं नाही, आणि तेच योग्य होतं. आता तीन सायकली बाहेर काढल्यात, पण खर्च एकीवरच झेपेल.

वडिलांची जुनी स्टीलची, सांधे ब्रेझिंगचे, म्हणजे पितळेसारखा दुसरा धातू वितळवून नळ्या जोडलेल्या. रंगाला फोड आलेत, टायर जळालेत, पण दोरा लावून पाहिलं तर फ्रेम सरळ आहे. दुसरी ६०६१-टी६ (उष्णतेची प्रक्रिया करून मजबूत केलेल्या) ॲल्युमिनियमची, नुसती काजळलेली. मात्र हा मिश्रधातू २०० अंश सेल्सिअसच्या पुढे काही काळ तापला की कमकुवत होतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही, ही धास्ती आहे. कार्बनची सोडून दिली. तिच्यातलं, कार्बनचे धागे धरून ठेवणारं रेझिन उष्णतेने मऊ पडतं, विश्वास ठेवता येणार नाही.

काजळीने गंज चढू नये म्हणून दोन्ही सौम्य साबणाने धुऊन कोरड्या केल्यात. टायर, केबल, ब्रेक पॅड, बेअरिंग नवीनच घालणार.

जीव वडिलांच्या सायकलीत अडकलाय, पण ती रोज चालवायची आहे, उतारावरही. रंग काढल्यावर ब्रेझिंगचे सांधे धड आहेत हे नेमकं कशावरून ओळखायचं? आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमची कठीणता न मोजता ती वापरावी का?