मदत हवी आहे : न्यूरोसायकॉलॉजीच्या इंटर्नशिपमध्ये गुणांचा अर्थ कसा लावावा?

मी सध्या एका अध्यापन रुग्णालयात प्रौढांच्या न्यूरोसायकॉलॉजीची, म्हणजे मेंदूच्या आजाराचा स्मृती, लक्ष अशा क्षमतांवर होणारा परिणाम चाचण्यांनी तपासण्याच्या शाखेची, क्लिनिकल इंटर्नशिप करत आहे. चाचण्या घेणे आणि गुण देणे आता जमते. अडचण येते ती गुणांचा अर्थ लावताना. मेंदूच्या उजव्या गोलार्धात स्ट्रोक झालेल्या एका रुग्णाने रे आकृतीची (आधी पाहून आणि नंतर आठवून काढायच्या गुंतागुंतीच्या भौमितिक आकृतीची) नक्कल करताना डावीकडचा जवळपास सगळा भाग सोडून दिला आणि कागदाच्या उजव्या कडेला त्याच त्या रेषा पुन्हा गिरवल्या. 36 पैकी गुण अर्थातच कमी आले. परंतु ते डाव्या बाजूच्या दुर्लक्षामुळे (त्या बाजूकडे लक्षच न गेल्यामुळे) की रचनाकौशल्य (भाग जुळवून आकृती काढण्याची क्षमता) बिघडल्यामुळे, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही, आणि आकृती मुळात अर्धीच पाहिली गेली असेल तर नंतर आठवून काढलेल्या आकृतीवरून स्मृतीविषयी निष्कर्ष काढणे मला धाडसाचे वाटते. अशा वेळी शाब्दिक स्मृतीच्या चाचणीवरच विसंबावे का?

दुसरा प्रश्न शिक्षणाचा आहे. मॉन्ट्रियल चाचणीत (स्मृती, लक्ष वगैरे बौद्धिक क्षमतांच्या झटपट प्राथमिक तपासणीत) शिक्षण 12 वर्षे किंवा त्याहून कमी असल्यास एक गुण वाढवून देतात, पण जेमतेम अक्षरओळख असलेल्यांसाठी ही भर तोकडीच ठरते. अंक आणि अक्षरे आलटूनपालटून जोडायला लावणारी ट्रेल मेकिंगची बी चाचणी त्यांना द्यावीच का, आणि न दिल्यास त्याऐवजी काय वापरावे?

न्यूरॉलॉजीचे डॉक्टर बहुधा अहवालाचा शेवटचा परिच्छेदच वाचतात, तेव्हा त्यात अनिश्चितता कितपत उघडपणे नोंदवावी, हेही इंटर्नना मार्गदर्शन करणाऱ्या जाणकारांनी कृपया कळवावे.