मदत हवी आहे: विकलेल्या समयांचे पैसे बँकेने रोखून धरलेत

नमस्कार मंडळी,

मी पंचवटीत राहते. मामंजींचं भांडी बाजारात पितळ-तांब्याचं छोटं दुकान होतं. ते मिटवलं तेव्हा बराच माल घरी आला. तो माल, आणि शिवाय ओळखीच्या तांबटांकडून मठारून घेतलेली नवी भांडी, मी गेली तीन वर्षं फोटो टाकून ऑनलाइन विकते. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं होतं, यूपीआयने पैसे येतात, मी पार्सल करते. आजवर पैशांची भानगड कधी झाली नव्हती.

गेल्या महिन्यात एकाचा मेसेज आला. तीन फुटी समयांची जोडी आणि तांब्याचं घंगाळ हवं होतं. नाशिकरोडला वास्तुशांत आहे, आजच पाहिजे म्हणाला. मी २३,४०० रुपये सांगितले. घासाघीस नाही, आणि आता आठवतं की वजनसुद्धा विचारलं नाही. पितळ घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा वजन विचारतं, मग नक्षी बघतं. तेव्हाच खटकायला हवं होतं.

पंधरा मिनिटांत पैसे आले. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायचा नाही हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक वाढलेली बघितली आणि मगच माल बाहेर काढला. पाठवणाऱ्याचं नाव मात्र वेगळं होतं. विचारलं तर म्हणाला, "मेहुण्याच्या खात्यातून टाकलेत." त्याने पाठवलेल्या रिक्षात मी समया आणि घंगाळ ठेवून दिलं. रिक्षाचा नंबर घेतला नाही, पावती केली नाही.

बाराव्या दिवशी मुलाच्या क्लासची फी भरायला गेले तर व्यवहार होईना. शाखेत गेले तेव्हा कळलं की २३,४०० रुपयांवर लीन लागलंय, म्हणजे तेवढी रक्कम बँकेने अडवून ठेवली आहे. दुसऱ्या राज्यातल्या एका माणसाने सायबर तक्रार केली आहे. त्याला कुणीतरी मोबाइल विकतो म्हणून माझा यूपीआय आयडी दिला होता आणि त्याने माझ्या खात्यात पैसे भरले. म्हणजे त्याला मोबाइल मिळाला नाही, माझ्या समया गेल्या, आणि मधला माणूस फोन बंद करून बसलाय. कागदावर मात्र चोरीचे पैसे घेणारी मी आहे. बँक म्हणते, पोलिसांची एनओसी (ना-हरकत पत्र) आणा.

रात्री झोप लागत नाही. घरखर्चाचं आणि धंद्याचं खातं एकच आहे. उद्या पूर्ण खातंच गोठवलं तर काय, ही धास्ती वेगळी. लीन कसं सुटेल? त्या माणसाला मी थेट पैसे परत करून टाकावेत का? त्याचाही बिचाऱ्याचा काय दोष? आणि यापुढे विकताना नेमकं काय सांभाळायचं? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १ (निवृत्त बँक कर्मचारी, इंदिरानगर)

ताई, आधी एक सांगतो: थेट पैसे परत करू नका. त्या माणसालाही नाही आणि त्याच्या नावाने फोन करणाऱ्या कुणालाही नाही. तुम्ही परस्पर रक्कम पाठवली तरी तक्रार जागेवरच राहते, लीन जागेवरच राहतं, आणि तुमच्या खिशातून दुसऱ्यांदा पैसे जातात. जे काही परत जायचं ते तपास अधिकाऱ्याच्या किंवा कोर्टाच्या लेखी आदेशानेच जाऊ द्या.

हे कसं घडतं ते समजून घ्या, म्हणजे धास्ती थोडी कमी होईल. फसलेला माणूस १९३० वर फोन करतो किंवा राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार टाकतो. त्याच्या बँकेकडून पैसे कुठल्या खात्यात गेले ते शोधलं जातं, तिथून पुढे गेले असतील तर पुढचं खातं. प्रत्येक खातं हा एक थर. जिथे रक्कम सापडेल तिथे ती थांबवतात. त्या घडीला खातेदार चोर आहे की समया विकणारी बाई, हे कुणी बघत नाही. पैसे पुढे निसटू नयेत एवढाच हेतू असतो. तुमचं खातं पहिल्याच थरात आलंय, म्हणून नाव ठळक दिसतंय.

आता काय करायचं. शाखेत लेखी अर्ज द्या आणि तीन गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा पोचक्रमांक, कुठल्या राज्याचं कुठलं पोलीस ठाणं, आणि लीन फक्त वादातल्या रकमेवर आहे की पूर्ण खात्यावर. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नका. मग त्या ठाण्याला ईमेल करा. सोबत गिऱ्हाइकाबरोबरचा पूर्ण संवाद, समयांचे फोटो, खात्याचा उतारा, आणि त्या व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. संवादाचे नुसते स्क्रीनशॉट नकोत, चॅट एक्सपोर्ट करा आणि मूळ चॅट फोनमधून पुसू नका. डिजिटल पुरावा कोर्टात द्यायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि तेव्हा मूळ फोन हाताशी हवा.

पोलीस बँकेचं खातं रोखतात ते बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली. १ जुलै २०२४ च्या आधी हेच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२ होतं. पोलीस दाद देईनात तर कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे रक्कम सोडवण्याचा अर्ज करता येतो. त्यासाठी वकील लागेल. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा असं कुणी सांगेल, पण तपास यंत्रणेच्या आदेशावरून बँकेने केलेल्या कारवाईवर तिथे तक्रार चालत नाही. महिना फुकट जाईल.

आणि ताई, तुमचीही फसवणूक झालीच आहे. तुमची स्वतंत्र तक्रार नाशिक शहर सायबर पोलीस ठाण्यात नोंदवा. माल गेला तो तुमचा. ती नोंद असली की दुसऱ्या राज्यातल्या अधिकाऱ्याला तुम्ही साखळीतला दलाल नाही हे पटवणं सोपं जातं.

प्रतिसाद २ (येवला, पैठणी विक्री)

काकांनी सोडवायचं सांगितलं, मी आधी सांभाळायचं सांगते. आमचं विणकराचं घर आहे, ऑनलाइन विक्री मी बघते.

आमचा नियम एकच: ज्याच्या नावावर पार्सल, त्याच्याच नावाच्या खात्यातून पैसे. नवरा, दीर, मेहुणा, कुणाचंही नाव आलं तरी चालत नाही. गिऱ्हाईक चिडतं, चिडू दे. दुसऱ्या नावाने पैसे आलेच तर ते ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करायचे आणि माल द्यायचा नाही. "चुकून जास्त आले, या दुसऱ्या नंबरवर परत टाका" असं कुणी म्हटलं तरी दुसऱ्या नंबरवर एक रुपयाही टाकायचा नाही.

दुसरी गोष्ट कार्डाची. यूपीआयवर वाद होतो तसा कार्डाने पेमेंट लिंकवर आलेल्या पैशांवरही होतो, आणि तो आठवड्यांनी उगवतो. एका बाईने साडेचार आठवड्यांनी बँकेला कळवलं की वर्णनाप्रमाणे साडी नाही, यंत्रमागाची आहे. रक्कम माझ्या खात्यातून वळती झाली आणि उत्तर द्यायला जेमतेम आठवडा मिळाला. मी पॅकिंगचा व्हिडिओ पाठवला. एकाच शॉटमध्ये पदराची उलटी बाजू (हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागे धागे लोंबत नाहीत), सिल्क मार्कचं (अस्सल रेशमाच्या खुणेचं) लेबल, घडी, खोका, पत्ता चिकटवताना. व्हिडिओ तोडून जोडला असता तर कुणी मानला नसता. पैसे परत यायला दोन महिने लागले, पण आले.

परतीच्या वेळी साडी बदलण्याचे प्रकारही होतात. म्हणून मी पदराच्या दशांमध्ये एका ठरलेल्या जागी वेगळ्या रंगाचा एक धागा गाठवते. ती जागा मी कुणाला सांगत नाही. तुमच्या भांड्यांवर तळाशी नाव कोरता येईल, पूर्वी भांड्यांवर कोरायचेच ना.

प्रतिसाद ३

थोडक्यात लिहितो. माल कधीही गिऱ्हाइकाने पाठवलेल्या रिक्षा, टेम्पो किंवा डिलिव्हरीवाल्याच्या हाती देऊ नका. फसवणारा स्वतःचा पत्ता द्यायचं टाळतो, त्याची ही युक्ती असते. पार्सल तुमच्या हाताने काउंटरवर द्या, पावतीवर वजन छापून घ्या. स्पीड पोस्टला आता ओटीपी दाखवून डिलिव्हरी घेण्याची सोय आहे, महाग मालाला ती घ्याच. "मिळालंच नाही" म्हणणाऱ्याला ओटीपीची नोंद पुरेशी असते.

आणि पैसे स्वीकारायला पिन लागत नाही, क्यूआरही स्कॅन करावा लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली यूपीआयची कलेक्ट रिक्वेस्ट (समोरच्याकडून पैसे मागण्याची विनंती) बंद झाली, पण क्यूआर पाठवून "हा स्कॅन करा, पैसे येतील" म्हणणारे बंद झालेले नाहीत.

मूळ लेखिका, नऊ दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे शाखेत शिक्का मारून अर्ज दिला. पहिल्या दिवशी "साहेब नाहीत" झालं, दुसऱ्या दिवशी पोचक्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव मिळालं. लीन तेवढ्याच रकमेवर आहे, खातं चालू आहे. हे कळल्यावर पहिल्यांदा नीट जेवले.

इथल्या सायबर ठाण्यात तक्रार नोंदवली. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. समयांचे फोटो मागितले तेव्हा एका समईच्या बैठकीवर मामंजींनी कोरलेली आद्याक्षरं फोटोत दिसली, ती त्यांनी नोंदीत घेतली. त्या दुसऱ्या राज्यातल्या अधिकाऱ्यांना दोन ईमेल केले. काल त्यांचा फोन आला, चॅटची पूर्ण फाइल आणि खात्याचा सहा महिन्यांचा उतारा पाठवायला सांगितला. रकमेचं काय होणार ते त्यांनी सांगितलं नाही. समया परत मिळतील अशी आशा मी धरलेली नाही, पण त्या आद्याक्षरांसाठी जीव तुटतो.

धंद्यासाठी वेगळं खातं उघडलं. येवल्याच्या ताईंचा एकाच नावाचा नियम कालच लागू केला, आणि एक गिऱ्हाईक खरंच चिडून गेलं. जाऊ दे.

आता पावतीपुस्तक छापायला टाकणार आहे. त्यात गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, वस्तू, वजन, यूटीआर आणि परतीची मुदत एवढं धरलंय. जुन्या भांड्यावर पोचा असतो किंवा कल्हई गेलेली असते, ते भांडं "आहे तसं" विकलं असं लिहून सही घ्यायची आहे. हे वाक्य वादात टिकेल असं कसं लिहावं? कुणाकडे अशी पावती असेल तर नाव झाकून फोटो टाकाल का? छापखान्यात शनिवारी जायचं आहे.