क्वीनचा 'ग्रेटेस्ट हिट्स': एवढा एकच ऐकला तर क्वीन ऐकलं म्हणायचं का?

सलग_ऐकणारा

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोच. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा १९८१ चा 'ग्रेटेस्ट हिट्स', म्हणजे १७ गाण्यांची ब्रिटिश आवृत्ती, तुमच्यापैकी किती जणांनी पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकलाय? शफल न लावता, मधलं काही न गाळता.

माझं म्हणणं असं की हा नुसता गाजलेल्या गाण्यांचा गठ्ठा नाहीये, कोणीतरी बसून, विचार करून लावलेला आहे. काळानुसार तर लावलेलाच नाही. सुरुवात १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने, त्यावर लगेच १९८० चं 'अनदर वन बाइट्स द डस्ट', मग मागे १९७४ ला जाऊन 'किलर क्वीन'. ऐकताना हे सगळं इतकं बरोबर वाटतं की काय सांगू. ऱ्हॅप्सडीच्या शेवटी तो गाँग वाजतो, विरतो, आणि त्या शांततेत बेस गिटार वाजवणाऱ्या जॉन डीकनचा बेस येतो, दरवेळी अंगावर काटा येतो माझ्या. आधीच्या गाण्यात आवाजांचे थरावर थर आणि पुढच्यात जवळजवळ नुसता बेस नि ड्रम, बाकी सगळं मोकळं. 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' आणि 'बायसिकल रेस' शेजारी ठेवलीत तीही उगाच नाही, १९७८ ला ती एकाच सिंगलवर आली होती आणि दोघींत एकमेकींचा उल्लेख आहे, एकात सायकल येते, दुसऱ्यात त्या मुली. आणि शेवट 'वी विल रॉक यू' नि 'वी आर द चॅम्पियन्स' असा जोडीने, त्यानंतर आणखी काही लावताच येणार नाही.

ब्रिटनमध्ये याच्या ७० लाखांच्या वर प्रती खपल्यात, तिथला आजवरचा सगळ्यात जास्त विकला गेलेला अल्बम हाच. तरी जाणकार मंडळी 'संकलन आहे' म्हणून बाजूला ठेवतात. मला ते पटत नाही. तुमचं काय?

काळी_बाजू

सलग ऐकलाय, खूपदा, आणि आवडतोही. तरी माझं उत्तर नाही असंच आहे. हा क्वीनचा दर्शनी भाग झाला, आत शिरल्याशिवाय घर कळत नाही.

एकच उदाहरण देतो. 'क्वीन टू' (१९७४) मधलं यात फक्त 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय' घेतलंय. त्या अल्बमला पांढरी आणि काळी अशा दोन बाजू आहेत, काळी बाजू पूर्ण गायक फ्रेडी मर्क्युरीची, एका गाण्यातून दुसरं निघत जातं, श्वास घ्यायला जागा नाही, मधे 'द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन' सारखं सहा मिनिटांचं वेड येऊन जातं ज्यात चालच चार ठिकाणी बदलते, आणि हे सगळं झाल्यावर अगदी शेवटी 'सेव्हन सीज' येतं, तेव्हा ते ऐकताना एकदम सुटका झाल्यासारखं वाटतं. इथे ते 'फ्लॅश' आणि 'वी विल रॉक यू' यांच्यामध्ये येतं. छान पियानो आहे, तीन मिनिटांच्या आत संपतं, पण मागचं सगळं गेलं म्हटल्यावर त्या सुटकेला अर्थ कसला राहणार?

'अ नाइट ॲट द ऑपेरा' मधूनही दोनच, ऱ्हॅप्सडी आणि 'यू आर माय बेस्ट फ्रेंड'. 'द प्रॉफेट्स साँग' नाही, ज्यात मधे सगळी वाद्यं थांबतात आणि फ्रेडीचाच आवाज परत परत स्वतःवर चढत जातो. 'थर्टी नाइन' नाही. 'लव्ह ऑफ माय लाइफ'सुद्धा नाही हो. ती सिंगल म्हणून तिकडे गाजली नव्हती म्हणून नाही, हे कळतं मला, पण मग हा अल्बम काय दाखवतो तर काय विकलं गेलं ते. बँड काय होता ते नाही दाखवत.

बेसलाइन

कोणी कुठलं गाणं लिहिलंय ते बघितलंय का कधी? १७ पैकी १० फ्रेडीची, ५ गिटारवाल्या ब्रायन मेची, २ जॉन डीकनची. ड्रमर रॉजर टेलरचं एकही नाही. शून्य! चौघंही लिहिणारे म्हणून ज्या बँडचं आपण एवढं कौतुक करतो त्यातला एक जण यात लेखक म्हणून नाहीच. त्याचं 'रेडिओ गा गा' आणि 'अ काइंड ऑफ मॅजिक' यायला १९९१ चा दुसरा भाग उजाडावा लागला. म्हणून मी म्हणेन पहिला आणि दुसरा जोडीनेच ऐका, नाहीतर चित्र एकांगी होतं.

पण रॉजर यात नाही असंही नाही. ऱ्हॅप्सडीत 'गॅलिलिओ' म्हणताना जो सगळ्यात वरचा आवाज आहे तो त्याचा. 'समबडी टू लव्ह' मधला अख्खा चर्चचा कोरस वाटतो तो फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांनीच परत परत रेकॉर्ड करून उभा केलाय. डीकन त्यात गायलेला नाही. आणि डीकनबद्दल सांगायलाच हवं, दोनच गाणी पण कसली. एक 'यू आर माय बेस्ट फ्रेंड', बायकोसाठी लिहिलेलं, ज्यातला इलेक्ट्रिक पियानो फ्रेडीला पसंत नव्हता म्हणून याने स्वतः वाजवला, आणि दुसरं 'अनदर वन बाइट्स द डस्ट', थेट अमेरिकेत एक नंबरला. इतका गप्प माणूस आणि त्याचीच गाणी लोक सगळ्यात जास्त गुणगुणतात, मला त्याच्याबद्दल फार वाटतं.

रेकॉर्ड_आणि_धूळ

चर्चा छान चाललीय, पण आधी एक विचारतो, सगळे एकाच अल्बमबद्दल बोलतायत ना? कारण या नावाखाली बऱ्याच आवृत्त्या आहेत. अमेरिकेत १९८१ ला आली ती १४ गाण्यांची, तिच्यात 'अंडर प्रेशर' आणि 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' होती जी ब्रिटिश आवृत्तीत नाहीत. आणि १९९२ ला तिकडे लाल कव्हरची निघाली तिच्यात तर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च नाही, कारण ती त्यांनी 'क्लासिक क्वीन' नावाच्या दुसऱ्या संकलनात टाकली. माझ्या अमेरिकेतल्या चुलतभावाकडे ही लाल सीडी आहे, त्याला तुमचं ते गाँगनंतर बेस वगैरे सांगून उपयोग नाही, त्याच्या क्रमात ते घडतच नाही. सलग_ऐकणारा, तुमचा मुद्दा फक्त ब्रिटिश आवृत्तीलाच लागू होतो आणि तो मला पटतोही.

दुसरं म्हणजे रेकॉर्डवर ऐकणाऱ्यांसाठी. जवळजवळ ५८ मिनिटांचं संगीत एका एलपीवर बसवलंय, म्हणजे एका बाजूला २९ मिनिटं. एवढं बसवायचं तर खाचा जवळजवळ कापाव्या लागतात, मग आवाजाची पातळी खाली घ्यावी लागते आणि पहिला फटका बसतो तो बेसला. 'अनदर वन' जुन्या एलपीवर थोडं मवाळ वाटतं ते यामुळे. नंतर दोन रेकॉर्डवर पसरून काढलाय तो घेतलात तर फरक कळेल. आणि एक, मूळ एलपीची पहिली बाजू 'सेव्ह मी'वर संपायची. 'सेव्ह मी'नंतर उठून रेकॉर्ड उलटवायची आणि मग 'क्रेझी लिटल थिंग'ची ती हलकीफुलकी गिटार, हे ज्यांनी केलंय त्यांना कळेल.

घाटावरची

माझं माहेर वाईचं, त्यामुळे पाचगणीचा विषय निघाला नाही म्हणून मीच काढते. फ्रेडी, म्हणजे फारुख बलसारा, जन्म झांझिबारचा, पारशी घरातला, शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये आणि तिथेच शाळेतल्या मुलांचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँड होता त्यात पियानो वाजवायचा. घाट चढून पाचगणीला जाताना मला दरवेळी हे आठवतं आणि मनापासून अभिमान वाटतो, लपवत नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. माझी आई जन्मभर नाट्यसंगीत आणि अभंग ऐकत आलेली, इंग्रजी गाण्यांना ती 'तो गोंगाट' म्हणते. तिला मी 'क्वीन टू' लावून दिला असता तर दुसऱ्या मिनिटाला स्वयंपाकघरात निघून गेली असती. हा अल्बम लावला. ऱ्हॅप्सडीला नुसतं बघत राहिली, 'बिस्मिल्ला' ऐकून मान वर केली, आणि 'समबडी टू लव्ह' संपत आलं तेव्हा म्हणाली, हा जागा किती सुंदर घेतो गं. काळी_बाजू, तुमचं सगळं मान्य आहे मला, पण जी व्यक्ती कधीच त्या घरात शिरणार नाही तिला हा अल्बम निदान ओसरीवर तरी बसवतो ना, आणि तिथे बसूनही गाणारा किती मोठा होता ते कळतं.

नवीन_कान

मी क्वीनवरचा २०१८ चा सिनेमा बघून ऐकायला लागले. 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' तर रोज सकाळी. पण 'फ्लॅश' मला समजलंच नाही, मधेच कोण बोलतं त्यात? आणि 'नाऊ आय ॲम हिअर' बद्दल कुणीच का बोलत नाही, मला ते सगळ्यात जास्त आवडलं.

बेसलाइन

@नवीन_कान, 'फ्लॅश' हे 'फ्लॅश गॉर्डन' (१९८०) सिनेमाचं गाणं, सिंगल काढताना त्यांनी सिनेमातले संवाद मधे टाकले, तेच ऐकू येतात. सिनेमातून बाहेर काढलं की ते जरा तुटक वाटतं, मलाही या क्रमात तेवढं एकच खटकतं.

आणि 'नाऊ आय ॲम हिअर' आवडलं हे वाचून फार बरं वाटलं! अमेरिकेत मॉट द हूपल या बँडबरोबर फिरले होते त्या दौऱ्यातून आलेलं गाणं आहे ते, शब्दांत हूपलचं नावही आहे. सुरुवातीला फ्रेडीचा आवाज एकदा या कानात एकदा त्या कानात येतो, हेडफोन लावून ऐका.

सलग_ऐकणारा

काळी_बाजू, तुमच्या सांगण्यावरून काल रात्री काळी बाजू पूर्ण ऐकली, दिवे बंद करून. 'सेव्हन सीज'बद्दल तुम्ही म्हणालात ते शब्दशः खरं आहे. तरी माझं मत तेच आहे, उलट आता असं वाटतं की एकच गाणं दोन ठिकाणी दोन वेगळी कामं करतं. तिथे ते शेवट आहे. इथे 'फ्लॅश'च्या त्या तुटक संवादांनंतर एकदम पियानो धावत येतो, अल्बम परत उचलला जातो आणि पुढे ते पाय आपटणं सुरू होतं. ती जागा दुसऱ्या कुठल्या गाण्याने भरली असती असं वाटत नाही मला.

काळी_बाजू

हे आवडलं. माझं मत बदललं नाही, पण आता 'फ्लॅश'नंतरचं ते पुन्हा ऐकतो. नवीन_कान, तुम्हाला 'नाऊ आय ॲम हिअर' आवडलंय ना, मग पुढे 'शीअर हार्ट अटॅक' (१९७४) घ्या. ते त्यातलंच आहे, 'किलर क्वीन'पण त्यातच, आणि पहिलंच 'ब्रायटन रॉक', ज्यात मे एकटा गिटारवर इतका वेळ खेळतो की आपण गाणं चालू होतं हे विसरतो. तो झाला की इथे येऊन सांगा, 'क्वीन टू'चं मग बघू.

नवीन_कान

लावला. 'ब्रायटन रॉक' चालू आहे. ही एकच गिटार आहे??

काळी_बाजू

एकच. स्वतःच्या वडिलांबरोबर घरी बनवलेली, मानेचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. डिले, म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने परत ऐकवणारं यंत्र, लावून तो स्वतःच्याच सुरांवर वाजवतोय, म्हणून दोन-तीन वाटतात. ऐका आधी, मग बोलू.