एक्सलचा बूट फाटलाय : नुसता बूट बदलू की पूर्ण शाफ्ट? (सोलापूर)

मंडळी, नमस्कार. जुळे सोलापूरला राहतो. गाडी २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअरची. नोकरी मोहोळला, त्यामुळे पुणे हायवेवर रोजचं येणं-जाणं.

रविवारी गाडी धुताना पुढच्या डाव्या चाकाच्या रिमला आतल्या बाजूनं काळं चिकट काहीतरी दिसलं. आधी डांबर वाटलं. स्टेअरिंग पूर्ण वळवून आत बॅटरी मारली, तर चाकाकडचा बूट, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या (एक्सल शाफ्टच्या) जॉइंटवरचं ग्रीस धरून ठेवणारं घड्यांचं रबरी आवरण, दुसऱ्या घडीत चिरलेला. ग्रीस उडून लोअर आर्मवर, ब्रेकच्या पाइपवर आणि सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर एका रेषेत बसलंय. चिरेजवळचं थोडं ग्रीस चिमटीत घेऊन चोळलं, तर बोटांना कचकच लागली. खरी काळजी त्याचीच आहे. ग्रीस गेलं तर नवीन भरता येतं, पण आत गेलेली धूळ जॉइंटला पॉलिश पेपरसारखी घासत राहते. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीला काय तोटा!

आवाज अजून काही नाही. वळताना कट-कट नाही, पिकअप घेताना थरथर नाही. गिअरबॉक्सच्या बाजूचा बूट वरून कोरडा दिसतो.

गॅरेजमध्ये विचारलं तर प्रत्येकाचं निराळं. एक जण म्हणाला, आवाज येईपर्यंत चालवा, मग शाफ्टच टाकू. दुसरा म्हणाला, दोन भागांचा चिकटवायचा बूट मिळतो, शाफ्ट न काढता अर्ध्या तासात बसवतो. तिसऱ्याचं म्हणणं, बूट बदलायला शाफ्ट काढावाच लागतो, मजुरी तीच, मग पूर्ण शाफ्टच बदला.

चिकटवायचा बूट मला पटत नाही. जोडाच्या जागी ग्रीसचा एक थेंब राहिला तरी तो धरत नाही, आणि बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा जॉइंट प्रत्येक वळणाला मोठ्या कोनात फिरतो. थांबायचं तर त्याहून पटत नाही. पण पूर्ण शाफ्टची किंमत बूट किटच्या कितीतरी पट आहे, आणि बाजारातल्या स्वस्त शाफ्टपेक्षा माझा कंपनीचा जुना जॉइंट बरा असेल, असंही वाटतं. तर जॉइंट वाचलाय की गेलाय, हे उघडल्यावर नेमकं कशावरून ओळखायचं? पुढच्या आठवड्यात आई-वडिलांना तुळजापूरला न्यायचंय. घाटात गाडीनं दगा द्यायला नको.

प्रतिसाद :
आवाज नाही म्हणताय, तर नुसता बूट बदला. पण आधी मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरा, दोन्ही बाजूंना, काचा खाली करून. वळणाच्या बाहेरच्या चाकाकडून ठराविक लयीत कट-कट आली, तर जॉइंट झिजलाय, त्यावर नवा बूट चढवण्यात अर्थ नाही.

उघडल्यावर जुनं ग्रीस पूर्ण धुवायला लावा. जुन्यावरच नवीन भरलं की वाळू आतच राहते. धुऊन पूर्ण वाळल्यावर जॉइंट हातानं वाकवून आतली एकेक पोलादी गोळी बाहेरच्या कडेला आणा. सहसा सहा असतात. गोळीच्या चरात नख फिरवा. नुसती चमक चालेल. नख अडकलं, खड्डा लागला किंवा गोळी तिच्या खिडकीत (गोळ्या धरणाऱ्या पिंजऱ्यातल्या भोकात) हलायला लागली, तर शाफ्ट घ्या.

आणखी एक. बऱ्याच गाड्यांत चाकाकडचा जॉइंट शाफ्टवरून निघतच नाही. मग गिअरबॉक्सकडचा जॉइंट काढून बूट त्या बाजूनं सरकवावा लागतो. तुमच्या गाडीत तसं असेल तर आतला बूटही त्याच वेळी नवा टाका. दोन्हींचं वय सारखंच आहे.

दुसरा प्रतिसाद :
वरच्यांशी सहमत. ग्रीस किटमधल्या पुडीतलंच भरा, डब्यातलं साधं चाकाच्या बेअरिंगचं नको. बूट आवळणारे क्लॅम्प पट्टीचे घ्या, प्लॅस्टिकची टाय बांधून देत असतील तर बांधू देऊ नका. बूट शाबूत असताना नुसत्या क्लॅम्पखालून ग्रीस झिरपत असलेल्या गाड्या पुष्कळ पाहिल्यात. हबचा नट (चाकाच्या मध्यभागी शाफ्ट धरतो तो) नवीन घ्या, जुना परत ठोकू नये. शाफ्ट ओढला की गिअर ऑइल सांडतं, ते मोजून परत भरून घ्या. नाहीतर बूट वाचवायच्या नादात गिअरबॉक्स जायचा.

मूळ प्रश्नकर्ता :
दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी मैदानात दोन्ही बाजूंना फिरवून पाहिली, आवाज नाही. म्हणजे बूटच. शनिवारी काम टाकतोय आणि धुतलेल्या जॉइंटवर स्वतः नख फिरवल्याशिवाय ग्रीस भरू देणार नाही. आतला आणि बाहेरचा दोन्ही बूट घेतो. एकच विचारायचं राहिलं : शाफ्ट निघतोच आहे, तर गिअरबॉक्सचं ऑइल सील (शाफ्ट आत जातो तिथली ऑइल अडवणारी रिंग) आता गळत नसलं तरी बदलून टाकू, की चांगल्या सीलला हात लावू नये?