मदत हवी आहे: गोळ्या सुटल्या, पण जुनी वाईट स्वप्नं परत आली

धाकटा भाऊ माजी सैनिक, आता अग्निशमन दलात आहे. रात्रपाळीत जागं राहायला दुसऱ्याच्या चिठ्ठीवरच्या मिथाइलफेनिडेटच्या (झोप घालवणारं उत्तेजक औषध) गोळ्या घ्यायला लागला. आधी एक, मग पाळीला जाताना दोन आणि पहाटे आणखी एक. गणवेश धुवायला काढला तेव्हा खिशात रिकामी पाकिटं सापडली, तेव्हा कुठे आम्हाला कळलं.

बंद करून 41 दिवस झालेत. पहिला आठवडा नुसता झोप, भूक आणि खचलेलं मन. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे डॉक्टरांनी थेट विचारलं, नाहीत. ईसीजी, रक्तदाब ठीक. दारू घेत नाही. अफूच्या व्यसनावर मेथाडोन असतं, तसं या व्यसनावर ठरलेलं औषध नाही, हे माहीत आहे. समुपदेशन चालू आहे. लघवीची तपासणी स्वच्छ आली की छोटं बक्षीस, ही पद्धतही चालू आहे आणि तिचा खरंच उपयोग होतोय.

अडचण वेगळीच आहे. सैन्यातली जुनी वाईट स्वप्नं परत आली आहेत. आता सायरन ऐकला की त्याच्या हातातला कप थरथरतो, चहा बशीत सांडतो. समुपदेशक म्हणतात, आधी सहा महिने व्यसनमुक्त राहू दे, मग त्या मानसिक आघातावरचे उपचार. पण दोन्ही एकत्र करता येतात, असं मी वाचलंय आणि इतकं थांबायची मला भीती वाटते. नोकरी तो सोडणार नाही. दिवसपाळी मिळाली आहे.

तुमच्यापैकी कोणी दोन्ही उपचार एकदम घेतलेत का? आठवणी उकरल्यावर गोळीची ओढ वाढली का, आणि त्या दिवसांत घरच्यांनी नेमकं काय केलं?