सगळ्या गरजा भागवल्या तरी मुलाला शिकावंसं का वाटत नाही?

गोंधळलेली_आई
मुलगा ११ वर्षांचा आहे. खाणंपिणं, झोप व्यवस्थित, घरात भांडणं नाहीत, मारणं-ओरडणं नाही, मित्र आहेत, शाळेतही कुणाचा त्रास नाही. मध्ये पालकांच्या एका कार्यशाळेत तो मास्लो नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा पिरॅमिड दाखवला, तळाला शरीराच्या गरजा मग सुरक्षितता मग प्रेम मग मान आणि टोकाला स्वतःचा विकास, आणि सांगितलं की खालचं पक्कं करा वरचं आपोआप येतं. आमचं खालचं सगळं झालंय हो, वरचं काही उगवत नाहीये 😅 अभ्यास म्हटलं की "किती पानं?" आणि "झाल्यावर मोबाईल मिळेल ना?" एवढे दोनच प्रश्न. पण तोच मुलगा कागदाची विमानं करत तासन्‌तास बसतो, कुठलं किती लांब गेलं ते वहीत लिहून ठेवतो, म्हणजे आळशी म्हणावं तर तसंही नाही. नवरा म्हणतो बक्षीस वाढव, सासूबाई म्हणतात धाकच नाही. नक्की काय कमी पडतंय?

पाटीपेन्सिल
ताई, आधी त्या पिरॅमिडचं सांगते कारण आम्हा शिक्षकांनाही तो असाच घोकायला लावतात. मास्लोने १९४३ च्या लेखात गरजांची उतरंड मांडली हे बरोबर, पण त्या लेखात पिरॅमिडचं चित्रच नाही, १९५४ च्या पुस्तकातही नाही, ते नंतर बाकीच्यांनी रूढ केलं. आणि चित्रामुळे वाटतं की एक मजला पूर्ण झाला की मगच दुसरा. तो स्वतः म्हणत होता की क्रम एवढा कडक नसतो, बहुतेक माणसांच्या सगळ्याच गरजा थोड्या भागलेल्या थोड्या न भागलेल्या असतात. उदाहरणाला त्याने मनानेच आकडे धरले होते, शरीराच्या ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, मानाच्या ४० आणि टोकाच्या १०. त्यामुळे खालचं भरलं की वरचं आपोआप येईल असं नाही, आणि खालचं अर्धवट असलं की मूल शिकूच शकत नाही असंही नाही. उपाशी किंवा घाबरलेल्या मुलाचं लक्ष लागत नाही एवढं मात्र खरं, ते वर्गात रोज दिसतं.

उगाचच
मला मोबाईलवाला प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग आहे, बालवाडीतली मुलं ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल, काहींना न सांगता शेवटी अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन नुसतेच ठेवले तर आधी कबूल केलेल्या गटातली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही. म्हणजे गडबड बक्षिसात नाही, "हे केलंस तर ते देईन" या सौद्यात आहे. तुमचा मुलगा सौदा शिकलाय आणि चांगला शिकलाय.

तिरकस
हे सगळं वाचायला छान आहे पण पाढे कोण आवडीने पाठ करतो? ज्यात मुळात गोडीच नाही तिथे बक्षिसाने मरणार काय?

उगाचच
मुद्दा मान्य आहे दादा. डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोग एकत्र तपासले, त्यातही कंटाळवाण्या कामांत बक्षिसाचा तसा तोटा दिसला नाही. पाढ्यांना द्या की छोटंसं काहीतरी, पण गोष्टीचं पुस्तक वाचायला देऊ नका.

गोंधळलेली_आई
धन्यवाद सगळ्यांना. पण मग बक्षीस काढून टाकलं की त्याच्या मर्जीवर सोडायचं का? मर्जीवर सोडलं तर तो पुस्तकाला हातही लावणार नाही हे मी लिहून देते.

पाटीपेन्सिल
नाही हो, मोकाट सोडणं वेगळं. याच डेसी आणि रायन यांनी मनाच्या तीन गरजा मांडल्यात: आपल्या करण्यात आपलं काही म्हणणं असणं, आपल्याला हे जमतंय असं वाटणं, आणि आजूबाजूच्यांशी आपलेपणा. तुमच्याकडे तिसरी भरपूर दिसतेय. विमानांत पहिल्या दोन्ही आपसूक मिळतात, कुठलं करायचं ते तो ठरवतो आणि जमलं की नाही ते विमानच सांगतं, आईला विचारावं लागत नाही. अभ्यासात दोन्ही गायब. अभ्यास करायचा हे तुम्हीच ठरवा त्यात संकोच नको, पण आधी गणित की भाषा, जेवणाआधी की नंतर, टेबलावर की जमिनीवर हे त्याला ठरवू द्या. "मी सांगते म्हणून" च्या जागी खरं कारण सांगा, आणि कंटाळा आलाय म्हणाला तर "येतोच याचा कंटाळा" म्हणा, लगेच भाषण नको. आणि कृपा करून त्या विमानांच्या वहीवर झडप घालू नका, आपल्याला लगेच वाटतं चला यातून सरासरी शिकवू. त्याने विचारलं तर जरूर शिकवा, जेवढं अडलंय तेवढंच.

गोंधळलेली_आई
नवऱ्याने कालच आलेख काढायला बसवलं 🙈

तिरकस
हाहा. बरं घरचं झालं, शाळेत मार्क मिळणारच ना? ते पण बक्षीसच की.

पाटीपेन्सिल
मार्क आपल्या हातात नाहीत, त्यावर आपण काय बोलतो ते आहे. पेपर घरी आला की किती पडले यावर थांबू नका, कुठलं गणित कुठे अडलं ते त्याच्याबरोबर बघा, म्हणजे मार्कातून त्याला काहीतरी कळतं. आणि शाबासकी देतानाही जपून. "हे छान सोडवलंस, पायऱ्या नीट मांडल्यास" म्हटलं की काय जमलं ते समजतं. "छान, असंच यायला हवं" म्हटलं की पुढच्या पेपरचं ओझं आजच डोक्यावर, मग मूल सोपी गणितं शोधायला लागतं. आमच्या वर्गात हुशार म्हणून मिरवणारी मुलंच अवघड गणिताला आधी हात आखडतात.

गोंधळलेली_आई
दुसरं वाक्य आमच्याकडे रोज असतं. आज आधी कुठला विषय घेणार ते विचारलं तर म्हणाला "विचारतेस कशाला, तूच सांग ना." आता यावर काय म्हणायचं?

उगाचच
सवय नाहीये त्याला, संशय आलाय 😄 दोनच पर्याय द्या आणि गप्प बसा, तो वैतागेपर्यंत.