तुटक बोलणारी मावशी

जुन्या पिढीच्या परिचारिका कामाला वाघ असल्या तरी रुग्णांशी तुटक वागत, हे मत मला अर्धेच पटते. माझी मावशी ठाण्यातील एका रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाली आणि गेल्या वर्षी नौपाड्यातील राहत्या घरी वारली. बोलायला ती तुटक होती, हे खरेच. मात्र तिच्या उमेदीच्या काळात काचेच्या सिरिंज आणि सुया उकळून पुन्हा पुन्हा वापरल्या जात, तेव्हा प्रत्येक सुईचे टोक ती आधी कापसावरून ओढून पाहत असे, आणि एखादा तंतू जरी अडकला तरी ती सुई दगडावर घासण्यासाठी बाजूला पडे. रुग्णाला कमी दुखावे म्हणून केलेली ही खटपट त्याला दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. आमचे आजोबा शेवटचे चार महिने तसेच पडून होते. तेव्हा निवृत्त मावशीने स्वयंपाकघरातील कालनिर्णयच्या चौकटींमध्ये, दुधाच्या हिशेबाशेजारी, बारीक अक्षरात नोंदी केल्या होत्या: ‘दोन, डावी. चार, उजवी.’ त्यांत रात्रीच्या वेळाही होत्या.